जड पाणी

"तुमच्या हाताला यश नाही हो, चंदनबालाबाई," मुख्याध्यापिका भामाबाई म्हणाल्या आणि डब्यातला थालीपिठाचा शेवटचा तुकडा लोण्यात बुडवून त्यांनी तोंडात टाकला. मधली सुट्टी होती. शिक्षिकांच्या खोलीत पाचसहाजणी बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी हसल्या, एकीनं चुकचुक केलं आणि बोलणं लगेच रेशनच्या साखरेवर गेलं. भामाबाईंच्या बोलण्यात काही विष नव्हतं. शिवणाच्या वर्गात कुणाचा टाका उसवला तरी त्या हेच म्हणत. पण चंदनबाला दारातच उभी होती. पाचवा मासा मेला एवढंच सांगायला ती खाली आली होती. दोनदा हात धुऊनही त्या माशाचा बुळबुळीतपणा तिच्या उजव्या पंज्यावरून गेला नव्हता, आणि ते वाक्य नेमकं त्या पंज्यावर येऊन बसलं. ती तशीच मागे वळली. तिला उत्तरं नेहमी नंतर, परीक्षानळ्या धुताना सुचत. वर प्रयोगशाळेत जाऊन तिनं नळीत ब्रश घातला आणि खराखरा फिरवायला सुरुवात केली. यश नाही म्हणजे काय? पाण्याचा कस कुणी लावला? लिटमसचा कागद रोज सकाळसंध्याकाळ कुणी बुडवला? आणि टाकीत रत्नागिरीचे शिंपले कुणी आणून टाकले, भामाबाई, ते सांगाल का? नळी तिच्या हातात तडकली. तिनं ती टोपलीत टाकली आणि दुसरी घेतली.

टाकी दिवाळीनंतर आली होती. वडूजकडचे एक सुभेदार, मानसिंग घाडगे, लढाईवरून परतले होते. त्यांची मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहून सहावीत शिकत होती. त्यांनी शाळेला काही तरी भेट द्यायची म्हणून मुंबईहून लोखंडी चौकटीची, तीन फूट लांबीची काचेची टाकी करवून आणली आणि तिच्याबरोबर पत्र्याच्या डब्यातून आठ सोनेरी मासे. भामाबाईंनी हार घालून टाकीचं स्वागत केलं. भाषणही केलं. आणि मग टाकी विज्ञानाची म्हणून चंदनबालेच्या गळ्यात आली. "बाई, मी जैन आहे. जीव सांभाळायची जबाबदारी मला नको, एखादा दगावला तर घरी मला बोलतील," असं तिनं सांगून पाहिलं. "अहो, मारायचे थोडेच आहेत? जगवायचेच आहेत," भामाबाई म्हणाल्या, आणि ह्यावर कुणाला काय बोलता येणार? जानेवारीत पुण्याहून इन्स्पेक्ट्रेसबाई तपासणीला यायच्या होत्या. तोवर टाकी अशी झाली पाहिजे की बघणाऱ्याला वाटावं, काचेत आभाळ भरून ठेवलंय. हे वाक्यही भामाबाईंचंच. चंदनबालेला आभाळाशी कर्तव्य नव्हतं. तिनं शाळेच्या विहिरीचं पाणी भरलं, वाळू तीनदा उकळून घेतली, मासे सोडले आणि चौथ्या दिवशी पहिला मासा आडवा झाला.

मग ती पाण्याच्या मागे लागली. तिला ते येत होतं. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली, पेठेतल्या जैनांत अशी ती एकटीच बाई. लढाईपासून बरा साबण मिळत नव्हता. तिनं आपल्या वाट्याच्या वडीतून कीस काढून तो स्पिरिटमध्ये विरघळवला. बाटलीत मोजकं पाणी घ्यायचं, त्यात ह्या द्रावणाचा एकेक थेंब सोडायचा, हलवायचं आणि फेस कधी टिकतो ते बघायचं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. कृष्णेच्या पाण्याला आठ थेंब लागले. शाळेच्या विहिरीच्या पाण्याला चौतीस. ते पाणी नव्हतंच, विरघळलेली चुनखडी होती. लाल लिटमस त्यात बुडवला की निळा व्हायचा. अल्कली. ठीक आहे, तिनं लिंबू पिळलं. निळा कागद तांबूस झाला. तिला बरं वाटलं, त्या दिवशी तिनं आठवीच्या मुलींना गृहपाठसुद्धा दिला नाही. सकाळी येऊन पाहते तर पाणी पुन्हा अल्कली. पुन्हा लिंबू. पुन्हा सकाळी तेच. चुना आम्ल पिऊन टाकायचा आणि वर ढेकरही द्यायचा नाही. चार दिवस ती आणि विहीर अशा एकमेकींशी भांडत राहिल्या आणि मध्ये सापडून दुसरा मासा मेला. मग तिला वाळूत शिंपले दिसले. पांढरे, मोठे, नक्षीदार, आणि त्यांच्याबरोबर संगमरवराचे खडे. म्हणजे शुद्ध चुनाच. भामाबाईंच्या रत्नागिरीच्या बहिणीनं पाठवलेले. "कशी शोभा आली बघा!" म्हणत त्यांनीच ते टाकीत मांडले होते. चंदनबालेनं ते काढून कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टाकीत. तिनं पुन्हा काढले, आणि लिटमसचे दोन कागद दाखवून भामाबाईंना पाव तास समजावून सांगितलं. भामाबाईंनी मान डोलावली, "हं, हं" म्हटलं आणि शनिवारी शिंपले पुन्हा टाकीत, ह्या वेळी स्वस्तिकाच्या आकारात मांडलेले.

परीक्षानळ्या धुऊन झाल्या तरी ती मोरीपाशीच उभी राहिली. ओला चुना. कुठून तरी वास येत होता, की नव्हताच येत? सोळाव्या वर्षी ती मिरजेपलीकडच्या एका खेड्यात नांदत होती आणि नवऱ्याला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवसांच्या तापाचं औषध चमच्यानं देण्याचं काम तिच्याकडे होतं, कारण घरात घड्याळ वाचता येणारी ती एकटीच. तिनं एकही पाळी चुकवली नाही. रात्रीच्या, पहाटेच्या, सगळ्या पाळ्या दिल्या. तो मेल्यावर तेराव्याच्या आतच त्या खोलीला चुन्याची सफेदी करायला घेतली. गाद्या गेल्या, पेटी गेली, त्याचं पुस्तकांचं फडताळ, भिंतीवरचे तिनं टाचलेले दोन रंगीत कागद, सगळं गेलं. ती बाहेर जोत्यावर बसली होती आणि आत सासू कुणाला तरी म्हणत होती, "हिच्या हाताला यशच न्हाई बघा." तेव्हासुद्धा तिला एवढाच राग आला होता की अहो, मी घड्याळ बघून दिलं. मग सोळा वर्षं ती घड्याळ बघूनच जगली. वडिलांनी माहेरी आणलं, शिकवलं, ते गेले. भाऊ रामगोंडा हळदीचा व्यापार आणि हळद साठवायची जमिनीखालची पेवं बघू लागला आणि त्याच्या घरातली मधली खोली, जिच्यातून सगळ्यांना जाण्यायेण्याची वाट होती, ती तिची झाली. त्या खोलीत तिचं असं काही पडून राहत नसे. अंथरूण सकाळी गुंडाळून कोपऱ्यात, पुस्तकं ट्रंकेत, ट्रंक खाटेखाली. तिला स्वच्छतेची सवय होती. लोक त्याबद्दल तिचं कौतुक करत.

संध्याकाळी घरी गेली तर वहिनी त्रिशला उंबऱ्यातच थांबून होती. पेठेत बातम्या पायांनी चालत नाहीत. "वन्सं, आज पन गेला म्हनं एक? आधी न्हानीघरात जावा. चुलीकडं येऊ नका." त्रिशला वाईट नव्हती. चंदनबालेसाठी तिनं बंबात पाणी तापवून ठेवलं होतं. अंघोळ करून ती बाहेर आली तेव्हा त्रिशला आडावर पाणी गाळत होती. दुहेरी पंच्यातून पाणी गाळून झालं की पंचा उलटा करून, गाळलेल्याच पाण्यानं खळबळून, त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव ती कळशीतून अलगद पुन्हा आडाच्या पाण्यात सोडायची. कळशी वरून ओतायची नाही, दोरानं खाली पाण्यापर्यंत न्यायची आणि मग उलटी करायची. रोज दोन वेळा. चंदनबालेला ते लहानपणापासून माहीत होतं आणि आज उगीचच त्याची चीड आली. एवढ्या हळुवारपणानं ही बाई कुणाला जपतेय? रामगोंडा जेवता जेवता म्हणाला, "चंदना, समाजात बोलत्यात. हळदीच्या पेवांवर मला इचारत्यात, बहिनीनं मासळीचं दुकान काढलंय काय म्हनून. सोडून दे की ते." "काय सोडू, टाकी का नोकरी?" तिनं विचारलं. रामगोंडानं भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. म्हणजे त्यानं नोकरीचाच विचार केला होता. 

दुसऱ्या दिवशी नववीला अमोनिया होता. दरवर्षी ह्याच आठवड्यात असायचा. नवसागर आणि विझवलेला चुना खलात एकत्र घोटायचा, नळीत घालून तापवायचा, आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरायचा. "चुन्यानं नवसागरातला अमोनिया मोकळा होतो," तिनं फळ्यावर लिहिलं. मुलींनी नाकाला पदर लावले. पहिल्या बाकावरची एक शिंकली आणि सगळ्या हसल्या. तो तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारा वास खोलीभर झाला आणि चंदनबाला हातात नळी धरून टाकीकडे बघत राहिली. उरलेले तीन मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून धापा टाकत होते, त्यांचे कल्ले लाल झाले होते. चुन्याचं पाणी. आणि माशांची घाण म्हणजे तरी काय, नवसागराचीच भावंडं. तळहाताएवढ्या जागेत आठ जीव रात्रंदिवस हे घोटत होते आणि ती त्यांना म्हणत होती, लिंबू घ्या. "बाई, हात भाजेल," एक मुलगी म्हणाली. हात खरंच भाजला होता. तिनं नळी स्टँडला लावली आणि उरलेला तास मुलींना धडा वाचायला सांगितला.

शनिवारी ती कॉलेजात गेली. तिथल्या रसायनशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटरनं तिला एका बुचाच्या कुपीत नेसलरचं द्रावण दिलं. पाण्यात अमोनिया असेल तर ह्याच्या थेंबानं पाणी पिवळं होतं. टाकीतलं पाणी नळीत घेऊन तिनं थेंब टाकला. पिवळं कसलं, पेवातल्या हळदीसारखं झालं. मग तिला इंटरच्या पुस्तकातलं ते अर्धं पान आठवलं, जे परीक्षेला कधी येत नसे. शेतात खत पडतं, त्यातला अमोनिया जातो कुठे? मातीत जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. एक जात अमोनिया खाते, दुसरी तिनं टाकलेलं खाते, आणि शेवटी जे उरतं त्यानं कुणाचं वाईट होत नाही. त्यांना बस्तान बसवायला आठवडे लागतात. वाळूत, दगडावर, शेवाळात ते घर करतात. आणि ती दर तिसऱ्या दिवशी वाळू उकळत होती. टाकी धुण्याच्या सोड्यानं पुसत होती. सबंध पाणी बदलत होती. ती स्टुलावर बसली. काय मूर्ख बाई आहे मी, ती मोठ्यानं म्हणाली. पाच मासे तर सगळ्यांना दिसले होते. त्रिशला पंच्यात धरून आडात सोडते तसले लक्षावधी जीव तिनं दर तिसऱ्या दिवशी आधणात घातले होते आणि वर हात धुतले होते. तिला हसू आलं नाही, रडूही नाही. नुसता एक मोठा, थकलेला वैताग आला. औषधाच्या पाळ्या चुकवल्या नाहीत म्हणून माणूस जगतो असं तिला अजूनपर्यंत वाटत होतं की काय?

आणि आता धुळाकडे जायला हवं होतं, हे सगळ्यात वाईट. धुळा शाळेचा शिपाई, माणदेशातल्या दहिवडीकडचा धनगर, पन्नाशीचा. तिसरा मासा मेला तेव्हा ह्या माणसानं न विचारता शाळेमागच्या जनावरांच्या दगडी डोणीतला मूठभर चिखल आणि शेवाळ आणून टाकीत टाकलं होतं. "आमच्याकडं नव्या डोणीतलं पानी मेंढरं पीत न्हाईत बाई. जुन्या डोणीतली माती टाकली की पित्यात." चंदनबालेनं त्याला साऱ्या वर्गासमोर फैलावर घेतलं होतं आणि टाकी त्याच्याचकडून धुऊन घेतली होती. शिवाय त्याचं सगळंच खरं असायचं असंही नव्हतं. ह्याच धुळानं आदल्या आठवड्यात माशांना ताकद येईल म्हणून शिळी भाकरी चुरून घातली होती, त्या भाकरीनं पाणी अर्ध्या दिवसात आंबलं आणि चौथा मासा गेला. आता ती मागच्या पडवीत गेली. धुळा तंबाखू मळत होता. "धुळा, ती डोणीतली माती," ती म्हणाली, "थोडी हवी होती."

"कशाला?" त्यानं शांतपणे विचारलं.

"टाकीत घालायला."

"धुवायला लागंल न्हवं परत?"

"नाही. धुवायची नाही. आता महिना दीड महिना काहीच धुवायचं नाही. आणि नदीवरून रोज एक घागर पाणी आणायचं. एकच. एकदम सगळं बदलायचं नाही."

धुळानं तंबाखू दाढेखाली ठेवली. "मंग मला कशाला बोलल्या तवा? लय लागलं मला ते."

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तोंडातून निघायला किती सोपे होते ह्याचंच तिला नवल वाटलं, आणि पुढच्याच क्षणी रागही आला, कारण धुळा मान हलवून, "चुकतंय मानूस," असं म्हणत उठला, जणू ती त्याच्या वर्गातली मुलगी होती.

पुढचे पाच आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात त्रासाचे गेले, कारण करण्यासारखं काही नव्हतं. टाकीतल्या विहिरीच्या जड पाण्यातून रोज एक घागर काढायची आणि कृष्णेची एक घालायची. साबणाचे थेंब चौतिसावरून एकोणतीस, मग बावीस, मग सतरा. लिंबू नाही. दाणा चिमटीभर, तोही एक दिवसाआड. पाणी आधी दुधट झालं, मग तपकिरी, काचेला हिरवट साय धरली. आणखी एक मासा मेलाच. उपाय सापडल्यावर तो मेला म्हणून तिला त्याचा जास्त राग आला. थोडं थांबता येत नव्हतं का तुला? राहिले दोन. मुली येता जाता नाकं मुरडत. तिचा हात सारखा फडक्याकडे जाई. खिडकीच्या गजाला बांधलेलं ते फडकं तिनं शेवटी धुळाला देऊन टाकलं. नेसलरचा पिवळा रंग मात्र, दर सोमवारी बघावं तर, एक पाऊल फिका.

संक्रांत झाली आणि तपासणीची तारीख आली. आदल्या दिवशी भामाबाई वर आल्या. त्यांनी टाकी पाहिली आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. "हे काय? हे डबकं दाखवायचं मी इन्स्पेक्ट्रेसबाईंना? धुळा! धुळा, इकडे ये, बादली घेऊन ये. शिंपले कुठायत?"

"टाकी धुवायची नाही," चंदनबाला म्हणाली.

"काय म्हणालात?"

"आज धुतली तर हे दोन मासे चार दिवसांत मरतील. मी सहा मारले. आणखी मारणार नाही."

"चंदनबालाबाई, मी मुख्याध्यापिका आहे ह्या शाळेची."

"हो. तुम्ही मला जा म्हणा, मी जाईन. पण टाकी धुणार नाही आणि धुळालाही धुऊ देणार नाही." ती टाकीला पाठ लावून उभी राहिली.  ह्या खेपेला उत्तरासाठी परीक्षानळ्या लागल्या नव्हत्या. धुळा बादली घेऊन दारात आला, त्यानं दोघींकडे पाहिलं, बादली पायापाशी ठेवली आणि भामाबाईंना म्हणाला, "बाई, पाठीत उसन भरलीया. वाकवत न्हाई." भामाबाईंनी त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे एकदम ओले झाले. महिनाभर त्या तपासणीपायी झोपल्या नव्हत्या हे चंदनबालेला तेव्हा प्रथमच दिसलं. शेवटी टाकीवर गाण्याच्या वर्गातली जांभळी सतरंजी टाकायचं ठरलं.

इन्स्पेक्ट्रेसबाई दुसऱ्या दिवशी साडेअकराला आल्या. त्यांना दाढदुखी होती. त्यांनी हजेरीपट पाहिले, एका वर्गात दोन मिनिटं उभ्या राहिल्या, शिरा नको म्हणाल्या, लवंग मागितली आणि पाऊणच्या गाडीनं गेल्या. जिना चढून त्या वर आल्याच नाहीत. जांभळ्या सतरंजीशेजारी धुतलेलं लुगडं नेसून चंदनबाला तासभर उभी होती. खालून टांग्याचा आवाज गेला तेव्हा तिनं सतरंजी ओढून काढली, आणि कुणावर ओरडावं हे न कळून माशांवरच ओरडली, "बघा!"

पंधरा दिवसांनी भामाबाईंनी तिला बोलावून सांगितलं, की झाल्या गोष्टीचा त्यांच्या मनात राग नाही. नव्हताच, तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण टाकी आता नको. ती जागा वजनकाट्यांना हवी. सुभेदार गुरुवारी मुलीला भेटायला यायचे आहेत, त्यांना परत देऊन टाका, नाही तर मासे नदीत सोडा. नदीत! नदीत खंड्या होते, घारी होत्या, सुसरी होत्या. चमकणारे ते दोन सोनेरी मासे तिथे घटकाभर टिकले नसते. गुरुवारी सकाळी तिनं नेसलरचा थेंब टाकला. पाणी जसंच्या तसं राहिलं. तिनं नळी खिडकीशी धरली, मागे पांढरा कागद धरला. पिवळं नाही. अजिबात नाही. दुसरी नळी, दुसरा थेंब, तेच. टाकीतलं पाणीही गेल्या आठवड्यापासून निवळलं होतं हे तिला आत्ता ध्यानात आलं. मासे मधोमध सावकाश फिरत होते, कल्ले फिकट, निवांत. हे कुणाला सांगावं म्हणून तिनं वळून पाहिलं. धुळा खडूचे डबे मोजत होता. "धुळा, पाणी बसलं," ती म्हणाली. "मला वासावरनंच कळलंय चार दिस झालं," तो म्हणाला, आणि तिला त्याचा गळा दाबावासा वाटला.

सुभेदार मानसिंग दुपारी आले. उंच, खांदा एकीकडे झुकलेला, पायांत पलटणीचे बूट. ते टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि ती त्यांच्या मागे, सांगायचं पाठ करून. विहिरीचं पाणी जड होतं, शिंपल्यांमुळे अधिक जड झालं, अमोनिया तयार होत होता. ती बोलत सुटली, नळ्या दाखवल्या, कागद दाखवले. कशालाच स्वतःचा बचाव म्हणता येऊ नये म्हणून शेवटी म्हणाली, "सहा माझ्या हातून गेले. आठ पाठवले होते तुम्ही."

"दोन ऱ्हायलं?" सुभेदार वाकून म्हणाले. "लय झालं की बाई. आमच्या गावचं आमी अकराजन गेल्तो. तिघं आलो. त्यात नाथाजीला दिसत न्हाई." मग तिच्याकडे न बघता ते सांगू लागले. कैरोच्या इस्पितळात त्यांच्या खाटेसमोर अशीच एक टाकी होती. साडेतीन महिने त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते तेवढंच बघत. "डागदर म्हनायचा, झोपा. झोपलं की ते समदं दिसायचं. मासं बघत जागं ऱ्हायलं की न्हाई दिसायचं. पोरींस्नी आवडंल वाटलं मला." त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि दोन्ही मासे त्या बोटाकडे आले. "ह्यास्नी परत न्यू कुटं? वडूजात मानसाला पानी न्हाई, बाई. तुमीच ठिवा."

तुम्हीच ठेवा. कुठे? ती घरी जाईपर्यंत तेवढंच घोळवत होती. मधल्या खोलीत तीन फुटांची टाकी मावली असती. फक्त मग ती खोली वाट उरली नसती. रात्री नव्हे, दिवे लागायच्या आधीच, रामगोंडा ओसरीवर चपला काढत असताना तिनं विचारलं, कारण धीर केवळ तेवढ्यापुरताच होता. रामगोंडानं ऐकून घेतलं. तो चिडला नाही. "आपल्या घरात मासं, चंदना?" तो म्हणाला, आणि मग दुसरी चप्पल भिंतीशी ठेवत, "तुला कवा काय कमी केलंय का आमी?" नव्हतं केलं. खरंच नव्हतं. तिला सांगता येईना की कमी काहीच नाही, अण्णा, फक्त सोळा वर्षांत माझं एकही भांडं इथे जागेवर राहिलेलं नाही. ती म्हणाली, "मी खोली बघते." त्रिशला आतून हात पुसत आली आणि दाराला टेकली. ही वेळ कधी तरी येणार हे तिला ठाऊक असावं. "वन्सं, जायचं तर जावा," ती हळू म्हणाली, "पन गाळनं मी देते माझं. बाजारचा पंचा पातळ असतोय."

गावातल्या खणभागात मनुबाई नावाच्या म्हाताऱ्या सुईणीची मागची खोली मिळाली. मनुबाईला एकट्या बाईचं वावडं नव्हतं, माशांचंही नव्हतं, फक्त तिच्या गाईच्या वाटेत काही ठेवायचं नाही एवढीच तिची अट. भामाबाईंनी ऐकून डोक्याला हात लावला, दोनदा समजूत काढली आणि निघताना तिच्या हातात एक जड पुरचुंडी ठेवली. शिंपले. चंदनबालेनं ते पिशवीच्या अगदी तळाशी घातले.

रविवारी सकाळी धुळानं हातगाडी आणली. टाकीतलं अर्धं पाणी तिनं दोन घागरींत काढून घेतलं, मासे तिसऱ्या घागरीत, आणि वाळू, शेवाळ, तपकिरी गाळ, सगळं जसंच्या तसं तळाशी राहू दिलं. टाकीभोवती घरून आणलेलं तिचं अंथरूण गुंडाळलं, ट्रंक मागे बांधली. धुळा ओढत होता आणि ती एका हातानं टाकी धरून, दुसऱ्या हातानं घागरीवरचं फडकं दाबून बाजूनं चालत होती. गणपतीच्या देवळापुढून बाजाराच्या रस्त्याला लागेपर्यंत तिनं त्याला सात वेळा हळू म्हणून सांगितलं होतं आणि त्यानं सातही वेळा "हळूच हाय की" म्हटलं होतं. प्रत्येक खड्ड्याला गाळ हलायचा, पाणी काचेवर चढायचं, तिच्या लुगड्यावर सांडायचं. कोपरापर्यंत हात भिजला होता, त्याला डोणीचा वास येत होता. गुळाच्या अडत्यासमोर गाड्या अडकल्या आणि थांबावं लागलं. दुकानातले लोक उठून बघू लागले. बाई, अंथरूण, काचेत चिखल. एक पागोटेवाला म्हातारा पायरी उतरून जवळ आला, वाकून त्यानं टाकीत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, काय म्हनायचं हे? एवढं जपून काय निघालाय घिऊन?"

सांगायला गेलं तर विहिरीपासून सांगावं लागलं असतं. पुढची बैलगाडी हलली.

"पाणी," चंदनबाला म्हणाली. "धुळा, चल. हळू!"